मोडचा रकाना

आमच्या नेरूळच्या घरात दोन घड्याळं आहेत. एक हॉलमध्ये, चारचौघांसारखं. दुसरं आतल्या खोलीत, साडेपाच तास मागे चालणारं. ते ह्यांचं. हौशी रेडिओवाले जगात कुठेही बसलेले असोत, वहीत नोंद करताना सगळे मिळून एकच वेळ लिहितात, आणि ती आपल्या वेळेपेक्षा साडेपाच तासांनी मागे असते. त्या घड्याळाला मी उभ्या संसारात जेवढी नावं ठेवली, तेवढी सासूलाही ठेवली नसतील. माझी एक मावशी त्याच्यावर विसंबून राहिली आणि तिची साताऱ्याची एसटी चुकली होती. ह्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. हॉलमधल्या घड्याळाचा सेल संपला तर आठ-आठ दिवस मी त्याच्याकडे बघत नाही. आतल्याचा मात्र वेळेवर बदलते. का, ते मला विचारू नका.

मी गणिताची बाई. सगळी नोकरी शाळेत गेली, आणि निवृत्त झाल्यावर घरूनच लॅपटॉपवर आठवी-नववीच्या शिकवण्या घ्यायला लागले. माहेर साताऱ्याकडचं. आमच्याकडे हळू बोलणाऱ्याला आजारी आहेस का म्हणून विचारतात. त्यात माझी मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय. हे टेलिफोन खात्यात होते, मूळचे कोकणातले. घरात इतकं हळू बोलायचे की मला दर वाक्याला ‘काय?’ करावं लागायचं. पण तोच माणूस रेडिओपुढे बसला की बाजारात कांदे विकल्यासारखा ओरडायचा. एकच हाक दहादा, तीही इंग्रजीत. मग पलीकडून कुठल्यातरी देशातला कुणीतरी खरखरीतून उत्तर द्यायचा आणि ह्यांचा चेहरा असा फुलायचा की मला भयंकर राग यायचा. माझ्या हाकेला कधी एवढे फुलले नाहीत.

गच्चीवर त्यांची तार होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सोसायटीत त्यावरून किती मीटिंगा झाल्या असतील, देवाला ठाऊक. टीव्हीत मुंग्या येतात, कबुतरं बसतात, आणि शेवटचं ठरलेलं: अशा तारांनी कॅन्सर होतो. ह्यांना पुढे खरंच घशाचा झाला. तेव्हा दोन-चार जण मला भेटायला आले आणि बसल्या-बसल्या छताकडे बघत होते. मी चहा दिला आणि बाहेर काढलं. घशाचे डॉक्टर म्हणाले होते, तारेचा काही संबंध नाही, फक्त आधी यायला हवं होतं. आवाज बसून बरेच महिने झाले असणार, घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का? मी म्हटलं, ते मुळात हळूच बोलतात हो.

तर, ते गेले. त्याआधी साताठ महिने स्वरयंत्र काढलं होतं, त्यामुळे आवाज त्यांच्याआधीच गेला. आणि ह्यांचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही, हे मला वर्षश्राद्ध झाल्यावर कळलं. एका दुपारी एकदम वाटलं, जरा ऐकावं. फोन पालथा घातला. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे वाढदिवसाचे, नाचगाण्याचे व्हिडिओ नाहीत. जे आहेत ते ह्यांनीच काढलेले, आणि काढताना हा माणूस श्वाससुद्धा रोखून धरायचा. लग्नाच्या कॅसेटवर फोटोग्राफरने सनई चढवलेली. माझ्या शिकवण्यांची मात्र ढीगभर रेकॉर्डिंगं आहेत. ती मी तासन् तास ऐकली, मागे कुठे ते खोकले असतील, ‘चहा झाला का’ म्हणाले असतील म्हणून. छे! नुसती मीच. वर्तुळाचे क्षेत्रफळ, आणि मी. त्रिकोणाची एकरूपता, आणि मी. स्वतःच्या आवाजाचा एवढा वीट मला जन्मात आला नव्हता.

मला दुसरं काही नको होतं. एक वाक्य हवं होतं, कसलंही. भाजीत मीठ कमी आहे, एवढं चाललं असतं.

त्याच सुमारास त्यांचे तळोज्याचे मित्र आले. ते तिथल्या एका कारखान्यात होते, आता निवृत्त; ह्यांच्याच रेडिओच्या वेडातले. मला वहिनी म्हणतात, मी त्यांना भावोजी म्हणते. म्हणाले, ‘वहिनी, दादांच्या वह्या तशाच पडल्यात. जगभरची माणसं त्यांच्या नोंदीची वाट बघतायत.’ मग त्यांनी समजावलं. दोन रेडिओवाले एकमेकांशी बोलले की दोघंही आपापल्याकडे लिहून ठेवतात. आता हे सगळं इंटरनेटवर एका जागी टाकायची सोय आहे. दोन्हीकडच्या नोंदी तंतोतंत जुळल्या की भेट पक्की होते आणि पुढे हिरवी खूण येते. ह्यांनी तर आयुष्यभर वहीतच लिहिलं. त्यामुळे शेकडो लोकांच्या यादीत ह्यांची भेट अर्धवट लटकलेली.

‘गेलेल्या माणसाची चालते का नोंद?’ मी विचारलं.

‘चालते म्हणजे! केव्हा गेला त्याला महत्त्व नाही, केव्हा बोलला त्याला आहे.’

त्यांनी माझ्या लॅपटॉपवर नोंदीचं सॉफ्टवेअर टाकून दिलं आणि शेजारी बसून दहा नोंदी करून दाखवल्या. समोरच्याचं कॉलसाइन म्हणजे रेडिओवरचं नाव, वेळ, बँडचा म्हणजे लहरींच्या पट्ट्याचा आकडा, मोड, रिपोर्ट. मोड म्हणजे काय, असं मी विचारलं. ‘कसे बोललात ते. तोंडाने बोललात तर एसएसबी लिहायचं. मोर्सने, ते बटण दाबून टिड-टिड-टाड करून बोललात, तर सीडब्ल्यू. आणखी पुष्कळ आहेत, पण दादांच्या वह्यांत हे दोनच सापडतील.’ मग म्हणाले, ‘एंटर मारलं की बाकीचं सगळं पुसलं जातं, बँड आणि मोड तेवढे तसेच राहतात. दर वेळी लिहायला नको, सोय आहे.’

त्या सोयीनेच माझा घात केला.

पाच वह्या होत्या. रोज शिकवणीच्या आधी दुपारी दोन तास मी बसायची, त्या आतल्या खोलीत, त्या मागे चालणाऱ्या घड्याळाखाली. गणिताच्या माणसाची एक खोड सांगते. आकडा बदलला की आपलं लक्ष जातं, अक्षर बदललं तर जात नाही. बँडचा आकडा वहीत बदलला की मी इमानदारीत बदलायची. वेळ अगदी मिनिटाबरहुकूम. रिपोर्टचे आकडे जसेच्या तसे. पण मोडच्या रकान्यात पहिल्या दिवशी एसएसबी लिहिलं आणि ते तिथे राहिलं ते राहिलंच. पाचव्या वहीत त्यांनी दर पानाच्या माथ्यावर काय लिहिलं होतं, ते मी बघितलंसुद्धा नाही. वहीत शेवटी शेऱ्याचाही एक रकाना होता, बारीक मराठी अक्षरात लिहिलेला. तो मी मुद्दाम सोडला. म्हटलं, कोण वाचत बसणार, जुळायला काही तो लागत नाही.

रिपोर्ट म्हणजे तुमचा आवाज मला किती चांगला येतोय, त्याचे गुण. चार वह्या संपेपर्यंत बहुतेक सगळीकडे एकोणसाठ. पाचव्या वहीत थोडं पुढे गेल्यावर बघते तर पाचशे नव्याण्णव! मला इतका आनंद झाला, म्हणून सांगू. एकटीच होते, तरी मोठ्यांदा म्हणाले, ‘वा रे पठ्ठ्या! सहाशेपैकी पाचशे नव्याण्णव!’ मला वाटलं, रेडिओ सुधारला, आवाज लांबवर चांगला पोचायला लागला. शेवटच्या पानापर्यंत पाचशे नव्याण्णवच. म्हटलं, बरं झालं, माणूस चांगले गुण घेऊन गेला.

एक वही संपली की ती मी रद्दीच्या पिशवीत टाकायची. हो, टाकायची. उतरवून घेतलं ना सगळं, मग धूळ कशाला सांभाळायची? शाळेतही निकाल लागला की उत्तरपत्रिका रद्दीत, तसं. पाचवी वही संपली त्या दिवशी पिशवी उचलून मी गावातल्या रद्दीच्या दुकानात देऊन आले.

भावोजींनी सगळ्या नोंदी इंटरनेटवर चढवल्या. पुढचे आठ दिवस सणासारखे गेले. सकाळी लॅपटॉप उघडला की हिरव्या खुणा वाढलेल्या. ही खूण जपानची, ही रशियाची, ही केनियाची. कुठेतरी कुणीतरी लिहून ठेवलं होतं की अमुक दिवशी अमुक मिनिटाला हा माणूस माझ्याशी बोलला. मला वाटायचं, तेवढं मिनिट तरी ह्यांना कुणी मारू शकत नाही. पहिल्या चार वह्यांत पान न् पान हिरवं झालं. पाचवी थोडी हिरवी झाली आणि अडली ती अडलीच.

मग एक मेल आली. जपानच्या एका म्हाताऱ्या गृहस्थाची, अतिशय नम्र इंग्रजीत. तुमच्या नोंदीत त्या दिवशी एसएसबी दिसते, माझ्याकडे सीडब्ल्यू आहे. तुमच्या पतीचा मोर्समधला हात मला आठवतो. दोन शब्दांच्या मध्ये ते जरा जास्त थांबायचे, विचार केल्यासारखे. कृपया तपासावे.

मला राग आला. म्हटलं, हा कोण मला शिकवणार, माझा नवरा बोलला की नाही ते? मी उत्तर पाठवलं नाही. दोन दिवसांनी दुसरी मेल आली, इटलीहून. मग श्रीलंकेतून. सगळ्यांचं तेच. ते बोलले नव्हते. ते बोलले नव्हते. ते बोलले नव्हते.

तेव्हा मी यादी उघडून तारखा बघायला लागले आणि एका ओळीपाशी अडले. ती तारीख ऑपरेशननंतरची होती. म्हणजे स्वरयंत्र काढलेलं, गळ्याला भोक, हे पाटीवर लिहून पाणी मागायचे ते दिवस. जेवताना ताटाच्या काठावर बोटाने काहीतरी टकटक करायचे आणि मी म्हणायची, ‘ते काय मला कळत नाही, पाटीवर लिहा.’ त्या दिवशी, दुपारी, ते मॉस्कोच्या कुणाशी तरी तोंडाने बोलले, असं मी माझ्या हाताने लिहून जगाला कळवलं होतं. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी. आणि शेवटचं ॲडमिट केलं त्याच्या आदल्या दिवशीही. ते सगळे महिने माझ्या यादीत हे बोलत होते, घसा नसताना बोलत होते, आणि मी शेजारच्या खोलीत होते.

त्यानंतर त्या खोलीत बसवेना. भरदुपारी, खिडकीतून लख्ख ऊन, खाली भाजीवाला ओरडतोय, आणि मला वाटायचं, मागे कुणीतरी बोलायच्या बेतात आहे. वळून बघायची तर घड्याळ. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली. बायकोला नवऱ्याची वाटू नये तशी.

मी रद्दीच्या दुकानात धावले. वही असती तर पानाच्या माथ्यावर बघून सगळं दुरुस्त केलं असतं. दुकानदार गावातलाच, ह्या खाडीकाठच्या जुन्या घरांतला. त्याने काटा सोडून माझ्याकडे पाहिलं. ‘बाय, वह्या तं कवाच गेल्या गोदामान. आता त्यांचा लगदा झाला आसंल. तुमी परतच्या वेलंला सांगाचं ना, ठेव म्हनून.’ मी म्हटलं, पुढच्या वेळेला आणखी एक नवरा आणू का? तो बिचारा पुन्हा काट्याकडे वळला. घरी येऊन मला त्याची शरम वाटली.

भावोजींना फोन केला आणि फोनवरच रडले. ते दुसऱ्या दिवशी आले. लॅपटॉप उघडला, पाचवी वही काढली, पाच मिनिटं वरखाली केलं आणि म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही रिपोर्ट वहीतला जसाच्या तसा भरलाय ना?’

‘मग काय मनचा भरीन?’

‘मग काही गेलं नाही. हे बघा. तोंडाने बोललं की रिपोर्ट दोन आकडी. पाच आणि नऊ. मोर्समध्ये सुराचा एक आकडा जास्त असतो, म्हणून पाच, नऊ, नऊ. तीन आकडे. जिथे तीन आकडे, तिथे ते बोललेले नाहीत.’

सहाशेपैकी पाचशे नव्याण्णव! ज्या ओळीवर मी ‘वा रे पठ्ठ्या’ म्हणाले होते, ती ओळ सांगत होती की आता हा माणूस बोलायचा थांबला. तीस वर्षं पोरांना ओरडले, की आकडा नुसता बघू नका, तो कशाचा आहे ते विचारा. आणि मी स्वतः काय केलं?

भावोजी गेल्यावर मी एकटीने शोधलं. सोपं होतं. दोन आकड्यांची शेवटची ओळ कुठली? माझा अंदाज होता, दुखणं कळलं त्याच्या महिनाभर आधीची असेल. तशी नव्हती. ऑपरेशनच्या चौदा महिने आधीची होती. मी तीनदा मोजलं. चौदा.

मग मात्र माझं डोकं फिरलं. त्यांचा फोटो त्याच खोलीत आहे, रेडिओच्या वर. त्याच्यासमोर उभी राहून मी तोंडाला येईल ते बोलले. चौदा महिने घसा दुखत होता तुमचा? चौदा महिने आवाज लागत नव्हता, आणि जपानला सांगितलंत, इटलीला सांगितलंत, ह्या पलीकडच्या खोलीत मेलेय का मी? असली कसली माया? डॉक्टरांनी मला विचारलं, घरात कुणाच्या लक्षात नाही आलं का, तेव्हा मान खाली घालून बसलात! खालच्या मजल्यावरच्या बाई बेल वाजवून गेल्या, काय झालं म्हणून. मी म्हटलं, काही नाही, जुना हिशोब आहे.

राग ओसरला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. ज्याच्याशी हे शेवटचं तोंडाने बोलले, त्याचं कॉलसाइन माझ्यापुढे होतं.

भावोजींनी ते ओळखलं. बेळगावचे एक गृहस्थ, जन्मापासून दृष्टी नसलेले, चाळीसेक वर्षं रेडिओवर. त्यांनी नंबर मिळवून दिला. मी फोन केला, कोण ते सांगितलं, आणि पलीकडून एकदम, ‘अहो वहिनी! तुमचा आवाज मी ओळखतो की हो!’ मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. नमस्कार-चमत्कार झाले, हे कशाने गेले तेही सांगून झालं. मग म्हणाले, ‘मला वहीत लिहिता येत नाही ना, म्हणून मी प्रत्येक भेट रेकॉर्ड करून ठेवतो. मागाहून ऐकत-ऐकत कॉम्प्युटरवर नोंद करतो. जुनी सगळी आहेत. तुमच्या साहेबांचीही असणार.’

मी खुर्चीत बसले.

त्यांचं आपलं सहज चाललं होतं. ‘फार गोड माणूस. नंतर मोर्सवर गेले. मला मोर्स आवडतो, पण त्यात माणसाचा घसा ऐकू येत नाही बघा. बोलत राहिले असते तर मला पहिल्या महिन्यात कळलं असतं. मला दुसरं काय कळतं? आवाजच कळतो. म्हटलं असतं, साहेब, घसा दाखवून घ्या. असो. त्यांचं नशीब.’

मी ‘हो’ म्हणाले. मनात ह्यांना पुन्हा एकदा बोल लावला, की बघा, लपवलंत म्हणून घालवलंत.

रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी फोनवर आलं. मी लगेच लावलं नाही. आंघोळ केली, फोटोची धूळ पुसली, शिकवणीच्या पोरांना आज तास नाही म्हणून कळवलं. नोंदीतली वेळ होती दहा वाजून चाळीस मिनिटं, त्यांच्या घड्याळाची. म्हणजे आपले दुपारचे चार वाजून दहा. आतल्या घड्याळात दहा-चाळीस होईपर्यंत मी फोन मांडीवर घेऊन बसून राहिले. वेड म्हणा हवं तर.

आधी खरखर. मग बेळगावचे गृहस्थ, हवापाणी विचारत. मग हे.

‘इकडे सगळं मजेत. काल खाडीवर फिरायला गेलो होतो, रोहित पक्षी आलेत, सगळी खाडी गुलाबी झालीय...’

स्वच्छ, खणखणीत. घसा चांगला, कुठे खरखर नाही, कुठे अडखळणं नाही. मला काय वाटलं, ते मी लिहू शकत नाही. मी फोन दोन्ही हातांनी धरला होता. आणि तेवढ्यात दार आपटल्याचा आवाज आला, आणि मागून एक बाई ओरडली.

‘अहो, बंद करा ते बोंबलणं! पोरं हसतायत मला तिकडे! रोज चारला बसायचं काय अडलंय? घरात एक माणूस काम करतंय, ते दिसत नाही? पुन्हा ह्या घरात तुमचा आवाज ऐकू आला ना, तर ती तार कापून टाकीन मी!’

दार पुन्हा आपटलं.

थोडा वेळ नुसती खरखर. मग ह्यांचं हसणं, हळूच, घरातलं. ‘ऐकलंत ना? आमच्या बाईंचा तास सुरू झाला. खरं आहे तिचं, मी फार ओरडतो. असं करू, उद्यापासून मोर्सवर भेटू. तिथे मी कितीही बोललो तरी तिला त्रास नाही.’

आणि त्र्याहत्तर, हा त्यांच्यातला निरोपाचा आकडा. आणि बंद.

मला ती दुपार आठवत नाही, हे सगळ्यात वाईट. अशा दुपारी इतक्या झाल्या असतील की ही वेगळी काढून दाखवता येणार नाही. एवढंच आठवतं, की पुढे घर शांत झालं होतं आणि मला बरं वाटलं होतं. आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून हे बसलेले, बोटाखाली ते पितळेचं बटण, आणि मी शेजारच्या खोलीत शिकवतेय. वर्षभर ते जगाशी बोलले आणि मला कणभर त्रास झाला नाही. त्यांनी शब्द पाळला. मधे कधीतरी घसा बसला असेल. तो ऐकायला मी कुणाला ठेवलंच नव्हतं, बेळगावला नाही, घरात नाही.

लपवलं नव्हतं हो त्यांनी. काहीच लपवलं नव्हतं.

भावोजींना मी ते ऐकवलं. ऐकून त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, ‘वहिनी, ते मधलं मी कापून देतो. पाच मिनिटांचं काम आहे. नुसते दादा राहतील.’

मी म्हटलं, नको. ते कापलं तर हे हसले कशाला, ते कळणार नाही.

मग आम्ही दुरुस्तीला बसलो. एकदम सगळे बदलता येतात म्हणाले, पण मी तसं करू दिलं नाही. तीन आकडी प्रत्येक ओळ उघडून मी मोडमधलं एसएसबी पुसलं आणि सीडब्ल्यू लिहिलं. महिना गेला त्यात. जपानच्या आजोबांना माफीची मेल पाठवली. त्यांची ओळ हिरवी झाली, इटली झाली, मॉस्को झाली. ह्यांना मी एकेक दिवस करून गप्प केलं. दुसऱ्यांदा.

दोन आकड्यांच्या त्या शेवटच्या ओळीत बदलायचं काही नव्हतं. तिथे मोड बरोबर आहे. पण सॉफ्टवेअरमध्येही शेऱ्याचा एक रकाना असतो. ह्यांच्या वहीत त्या दिवसापुढे बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं असणार. माझ्यावर वैतागून लिहिलं असेल, हसून लिहिलं असेल, नाहीतर नुसते रोहित पक्षी असतील. ते मी वाचलं नाही आणि आता त्याचा लगदा झाला. एवढ्या हजारो ओळींत शेऱ्याचा रकाना मी रिकामा ठेवला होता. तो एक भरला. सीडब्ल्यूवर का गेले, ते पुढे कुणी बघायला आलं तर कळायला हवं.

लिहिलं, ‘बायको ओरडली म्हणून.’ आणि एंटर मारलं.